इंदूरचे खड्डे आणि नाडेपचे टाके

शेतातील काडीकचरा व गुरांचे शेण एके ठिकाणी टाकून त्याचे खत होऊ देण्याची रीत महाराष्ट्रास नवी नाही. ‘उकिरडा’ हा शब्दच प्राकृतातील ‘उक्कुरुड’शी नाते सांगतो, म्हणजे वस्तू जुनी आणि नावही जुने. तथापि उकिरडा ही साठवण होती, कृती नव्हती. ऊन व पाऊस त्यातील सत्त्व नेत, आणि शेणाचा मोठा वाटा गोवऱ्यांच्या रूपाने चुलीत जाई. या साठवणीस नियमबद्ध कृतीचे रूप इंदूर येथे आले.

१९०५ साली पुसा येथे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आलेले अल्बर्ट हॉवर्ड १९२४ मध्ये इंदूरच्या नव्या कृषि-संशोधन संस्थेचे प्रमुख झाले. होळकर संस्थानाने जमीन दिली. खर्चाचा भार कापूस समितीने व मध्य भारतातील संस्थानांनी उचलला. १९३१ साली या प्रयोगांचा वृत्तान्त देणारा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचेही नाव आहे. संस्थेतील रसायनाचे काम वाड पाहत. पुढील लेखकांनी मात्र या पद्धतीचे श्रेय बहुधा एकट्या हॉवर्डना दिले. ग्रंथाचे कर्ते दोन असता एकाचाच उल्लेख करणे हे इतिहासलेखन नव्हे, आळस होय.

इंदूरचा खड्डा सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि जेमतेम २ ते ३ फूट खोल असे. उथळपणा हेच त्याचे मर्म. खोल थरापर्यंत हवा पोहोचत नाही, आणि हवेवाचून कुजणारा ढीग दुर्गंधी सोडतो व नत्र गमावतो. पऱ्हाट्या कठीण असल्याने त्या शेतातील गाडीवाटेवर पसरून चाकांखाली चिरडून घेत. काडीकचऱ्यात कर्ब पुष्कळ व नत्र अल्प असतो. ती उणीव शेणाने आणि गोठ्यातील मूत्र शोषलेल्या मातीने भरून निघे. आरंभी कर्ब व नत्र यांचे प्रमाण ३३ : १ च्या आसपास असावे, असा हिशेब होता. कुजताना आम्लता वाढू नये म्हणून राख मिसळीत. ढीग तीनदा उलथला म्हणजे सुमारे ३ महिन्यांत खत तयार होई.

ही कृती निर्दोष होती, पण ती बैलजोड्या, पाणी व मजूर हाताशी असलेल्या संस्थेच्या शेतावर सिद्ध झालेली होती. एक जोडी बाळगणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याने तीन वेळा ढीग उलथावा कोणाकडून? १९३९ साली सी. एन. आचार्य यांनी बंगळूर येथे मांडलेल्या पद्धतीत उलथणे टळले, परंतु ती मुख्यतः शहरांतील केरकचरा व मैला यांसाठी होती.

यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रश्न वेगळ्या बाजूने सोडविला. ढीग हवेकडे नेण्याऐवजी हवाच ढिगाकडे यावी, म्हणून त्यांनी जमिनीवर विटांचे टाके बांधून भिंतींत भोके ठेविली. टाके साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच. परसातही मावावे एवढे. त्यात काडीकचऱ्याचे व चाळलेल्या मातीचे थर देऊन, प्रत्येक थरावर शेणकाला शिंपडून, वर शेणमातीने लिंपतात. एका टाक्यास सुमारे १०० किलो शेण पुरते, आणि इंधनासाठी शेण राखणाऱ्या घराला हीच गोष्ट निर्णायक ठरते. विटांचा खर्च मात्र एकदा करावाच लागतो. खत साधारण ३ ते ४ महिन्यांत निघते.

त्यांच्या आद्याक्षरांवरून पद्धतीस ‘नाडेप’ म्हणतात. देवनागरीत ती अक्षरे सरळ जोडली असती तर ‘नादेप’ झाले असते. तेव्हा हे नाव रोमन लिपीतून फिरून मराठीत परतले असावे. इंदूर व बंगळूर या पद्धती गावांच्या नावाने ओळखल्या जातात, ही एका माणसाच्या. वाड यांचे नाव कोणत्याच पद्धतीस लागले नाही.