कॉलेजचं पहिलं वर्ष : दिवाळीपर्यंतचे चार महिने सांभाळा

बारावीचा निकाल लागला की आमच्या घरी पेढ्यांचे डबे येतात. मुलं सलाम करतात, फोटो काढतात, कुठे ॲडमिशन घेणार ते सांगतात. आम्हीही मुबारकबाद देतो, पाठ थोपटतो. मग दिवाळीच्या सुट्टीत त्यातलीच दोन-चार मुलं बाजारात भेटतात. मागच्या वर्षी एक जण मोबाईलच्या दुकानात स्क्रीनगार्ड लावताना दिसला. उर्दू माध्यमातून बारावी आर्ट्सला ७१ टक्के घेतलेला मुलगा. विचारलं तर म्हणाला, "सर, कॉलेज सोडलं. काही समजतच नव्हतं." अजून पहिल्या सेमिस्टरची परीक्षासुद्धा झालेली नव्हती. फी भरलेली होती, अब्बांनी त्यासाठी उसने पैसे घेतले होते. नवीन ठिकाणी काय काय अडणार आहे हे त्याला कोणी आधी सांगितलं नव्हतं. आम्हीही नाही. ते सगळं इथे लिहितो आहोत. मुलांनी वाचावंच, पण अम्मी-अब्बांनीही वाचावं.

आधी नाव तपासा

आपल्याकडे अडचण सुरू होते ती नावापासून. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधार कार्डावर ते शेवटी जातं. मराठवाडा, खानदेश, विदर्भात 'शेख अमुक शेख तमुक' अशी नावं लिहिण्याची पद्धत आहे. ऑनलाइन फॉर्ममध्ये पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव असे तीनच रकाने असतात, मग मुलाचं पहिलं नाव 'शेख' होऊन बसतं. शिवाय मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे 'मोहं.', कुठे 'एमडी'. सय्यदमध्ये इंग्रजीत एक 'वाय' की दोन, खानच्या पुढे 'पठाण' आहे की नाही, हे प्रत्येक कागदावर वेगळं.

शाळेत हे चालून जातं, कारण तिथे सर मुलाला ओळखतात. कॉलेजमध्ये कॉम्प्युटर ओळखत नाही. आता प्रत्येक विद्यार्थ्याला डिजिलॉकरमधून ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं उघडावं लागतं आणि अपार आयडी काढावा लागतो. दोन्हीकडे नाव आधारशी जुळवून पाहिलं जातं. जुळलं नाही की आयडी अडतो, पुढे परीक्षा फॉर्म आणि शिष्यवृत्ती अडते.

आमचा सल्ला असा : दहावीचं प्रमाणपत्र पाया धरा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्या. बोर्डाच्या प्रमाणपत्रात बदल करायला शाळा, बोर्ड असे बरेच हेलपाटे पडतात, त्या मानाने आधार दुरुस्त करणं सोपं. पण आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून केंद्रावर घाई करू नका. पावतीवरचं स्पेलिंग अक्षर-अक्षर वाचूनच घरी या. हे काम ॲडमिशनच्या आधी झालं तर उत्तम. झालं नसेल तर पहिल्या महिन्यात करा.

मूळ कागदांबद्दल एक गोष्ट. कॉलेजने ते तपासून परत द्यायचे असतात, अडकवून ठेवायचे नसतात. यूजीसीने २०१८ मध्ये तसं स्पष्ट कळवलं आहे. ॲडमिशन रद्द केली तर किती फी परत मिळते याचे टप्पेही त्यातच आहेत. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी रद्द केल्यास पूर्ण फी, आणि त्या तारखेनंतर ३० दिवस उलटून गेले तर काहीच नाही. अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक कोर्सना प्रवेश प्रक्रियेचे वेगळे नियम असतात, ते त्यांच्या माहितीपुस्तिकेत पाहा.

क्रेडिटचा हिशोब

महाराष्ट्रात २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांमध्येही नवीन शैक्षणिक धोरण लागू झालं आहे. त्यामुळे मोठ्या भावाने किंवा मामाने सांगितलेली 'एफवाय'ची पद्धत आता राहिलेली नाही. एक मुख्य विषय असतो, त्याला मेजर म्हणतात. जोडीला मायनर. त्याशिवाय ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या शाखेबाहेरचा विषय, मग कौशल्याचे आणि भाषेचे पेपर. प्रत्येकाला क्रेडिट असतात. साधारण १५ तास वर्गात बसलं की एक क्रेडिट, प्रॅक्टिकल असेल तर ३० तास. वर्षाला ४० ते ४४ क्रेडिट, तीन वर्षांत १२० ते १३२. चौथं वर्ष केलं तर ऑनर्सची पदवी.

'एक वर्ष करून सोडलं तरी सर्टिफिकेट मिळतं' असं मुलं ऐकून येतात. ते अर्धवट आहे. पहिल्या वर्षाचे सगळे क्रेडिट पूर्ण हवेत, आणि वर चार क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते. नुसतं येणं बंद केलं तर हातात काही पडत नाही.

विषय निवडताना बहुतेक मुलं मित्राने जे घेतलं तेच घेतात. आम्ही त्यांना एवढंच विचारतो की तीन वर्षं याच विषयाची पुस्तकं वाचशील का. भाषेच्या पेपरला उर्दू मिळत असेल तर जरूर घ्या, तिथे मार्कही मिळतात आणि जिव्हाळाही आहे. पण मग मराठीकडे पाठ फिरवू नका. भरती परीक्षा असो की तहसील कार्यालयातला अर्ज, मराठी लिहिता आलीच पाहिजे. एनएसएसला मुलींना घरून परवानगी मिळत नाही, कारण सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. पालकांनी थेट 'नाही' म्हणण्याआधी कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटावं. शिबिराला सोबत महिला प्राध्यापक असतात का, राहायची सोय कशी, हे समोर बसून विचारावं. आमच्या पाहण्यात असे पालक आहेत जे विचारायला गेले आणि परवानगी देऊन आले.

"काही समजतच नव्हतं"

आता त्या मुलाच्या मूळ दुखण्याकडे येऊ. सायन्स घेणाऱ्या उर्दू किंवा मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीचा धक्का अकरावीतच बसतो. दोन वर्षांत ती पडत-धडपडत सावरतात. आर्ट्स आणि कॉमर्सची मुलं बारावीपर्यंत आपल्या भाषेत शिकतात, त्यामुळे तोच धक्का त्यांना थेट पदवीच्या पहिल्या वर्षी बसतो. वर्गात शंभर मुलं, सर इंग्रजीत किंवा मराठीत बोलणार, आणि उर्दूवाला मुलगा शेवटच्या बाकावर. त्याला वाटतं, आपल्याला विषय येत नाही. खरं पाहिलं तर विषय त्याला येत असतो, फक्त त्याचं नवीन नाव माहीत नसतं.

उर्दूत जी 'तलब' आणि 'रसद' तो बारावीला पाठ करून आला, तीच मराठीत मागणी आणि पुरवठा, इंग्रजीत डिमांड आणि सप्लाय. 'इफराते जर' म्हणजे चलनवाढ, म्हणजेच इन्फ्लेशन. 'आईन' म्हणजे राज्यघटना, 'जम्हूरियत' म्हणजे लोकशाही, 'नफ्सियात' म्हणजे मानसशास्त्र. एक दोनशे पानी वही घ्या, पानाला तीन रकाने पाडा, रोज दहा शब्द लिहा. महिनाभर केलं तर अडीचशे-तीनशे शब्द होतात, आणि एका विषयाच्या पहिल्या सेमिस्टरला त्यावर बरंचसं भागतं. आमच्या एका विद्यार्थिनीने अशी वही केली होती. तिच्या मागच्या दोन बॅचच्या मुलींनी तिच्या झेरॉक्स काढून वापरल्या.

दुसरं, पेपर कोणत्या भाषेत लिहिता येतो ते पहिल्याच आठवड्यात विभागात जाऊन विचारा. आर्ट्स-कॉमर्सच्या बऱ्याच विषयांना मराठीत उत्तरं लिहायची मुभा असते. आपली मुलं मराठी बोलतात पण लिहायला बिचकतात, ऱ्हस्व-दीर्घाची भीती वाटते. इतिहास किंवा अर्थशास्त्राचा पेपर तपासणारा आधी मुद्दा बघतो. लिहा बिनधास्त.

आणि सरांना भेटा. तास संपल्यावर स्टाफरूमच्या दारात उभं राहून "सर, मी उर्दू माध्यमातून आलो आहे, हा भाग पुन्हा कुठे वाचू?" एवढं एक वाक्य पुरतं. आम्ही स्वतः बीएडला असताना तीन महिने तोंड उघडलं नव्हतं. 'अध्यापन' आणि 'अध्ययन' यातला फरक शेजारच्याला विचारायचीही लाज वाटायची.

शिष्यवृत्ती : पैसे कुठे अडकतात

राज्याच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरतात. तिथे अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची राज्य शिष्यवृत्ती आहे, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे, बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या आणि प्रत्येक कोर्सला प्रत्येक योजना लागू होत नाही. म्हणून प्रोफाइल पूर्ण भरून पोर्टल काय दाखवतं ते आधी पाहा. मुलींसाठी जुलै २०२४ पासून मोठी सोय झाली आहे. व्यावसायिक कोर्सला केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून ॲडमिशन घेतलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे.

इथे बऱ्याच घरांत गैरसमज असतो की ओबीसी म्हणजे आपण नाही. बागवान, अत्तार, मोमीन, मणियार, तांबोळी, पिंजारी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, बहुधा आजोबांचा शाळेचा दाखला. त्यात जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असलं की प्रकरण लांबतं. मग काकांचे, आत्याचे, पंजोबांचे कागद शोधावे लागतात, गावच्या शाळेचं जुनं रजिस्टर पाहावं लागतं. कॉलेज सुरू झाल्यावर हे काम काढलं तर वर्ष हातचं जातं. घरात धाकटं भावंडं दहावीला असेल तर त्याच्या नावाने आताच सुरू करा.

अर्ज मंजूर होऊनही पैसे येत नाहीत, ही तक्रार आम्ही दरवर्षी ऐकतो. कारण बहुतेक वेळा एकच असतं. शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यात जाते, आणि ते तुम्ही फॉर्मवर लिहिलेलंच खातं असेल असं नाही. आधार सर्वात शेवटी ज्या बँकेत सीडिंग झालं, तिथे पैसे जातात. आठवीत शाळेने उघडलेलं, आता बंद पडलेलं खातं असेल तर तिथेच. बँकेत जाऊन 'डीबीटीसाठी आधार सीडिंग कुठे आहे' असं विचारा. आणि अर्ज दरवर्षी नव्याने रिन्यू करावा लागतो, तो आपोआप पुढे जात नाही.

हजेरी, जुमा, रमजान

हजेरी ७५ टक्के लागते. कमी पडली तर परीक्षेला बसू देत नाहीत, निदान हमीपत्र तरी लिहून घेतात. जुम्याच्या वेळेला प्रॅक्टिकल येत असेल तर सत्राच्या सुरुवातीलाच बॅच बदलून मागा. सुरुवातीला बदल सहज होतो, ऑक्टोबरमध्ये मागितलं तर बहाणा वाटतो. रमजान सध्या फेब्रुवारीच्या आसपास येतो, म्हणजे दुसऱ्या सेमिस्टरच्या ऐन अंतर्गत चाचण्यांत, आणि दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. असाइनमेंट शाबानमध्येच उरकून ठेवा. तरावीहनंतर बसून लिहू म्हणणारे किती लिहितात ते आम्हाला ठाऊक आहे.

एखाद्या विषयात राहिलं तर एटीकेटी असते, पुढच्या वर्गात जाता येतं. किती विषयांपर्यंत चालतं हे विद्यापीठागणिक बदलतं, परीक्षा विभागात विचारा. एक विषय राहिला म्हणून मुलीचं शिक्षण थांबवू नका.

राहणं आणि बाकीचं

खोली शोधायला लवकर निघा. नाव ऐकल्यावर "कालच भरली" म्हणणारे घरमालक भेटतात, हे लपवून उपयोग नाही. आधीच्या वर्षीच्या मुलांचे नंबर मिळवा, अल्पसंख्याक विभागाची मुलींची वसतिगृहं काही जिल्ह्यांत आहेत त्यांची चौकशी करा. घरून जाणं-येणं शक्य असेल तर एसटीचा विद्यार्थी पास काढा, दोन तृतीयांश भाडं वाचतं.

रॅगिंगला महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. देशभरासाठी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. गंमत म्हणून सहन करू नका.

आणि एक नवं संकट. "तुझं बँक खातं वापरायला दे, महिन्याला पाच हजार देतो" असं सांगणारे कॉलेजच्या गेटबाहेरच भेटतात. त्या खात्यातून सायबर फसवणुकीचे पैसे फिरतात आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या घरी. एटीएम कार्ड, सिम, ओटीपी कोणालाही देऊ नका, अगदी मोहल्ल्यातल्या ओळखीच्यालाही. फसलातच तर लगेच १९३० ला फोन करा.

स्क्रीनगार्डवाल्या त्या मुलाला दुकान सोडणं आता शक्य नाही, घरी हप्ते आहेत. त्याला आम्ही नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची माहिती दिली. उर्दूतूनच शिकायचं तर हैदराबादच्या मौलाना आझाद नॅशनल उर्दू युनिव्हर्सिटीतही दूरशिक्षण आहे. त्याने मुक्त विद्यापीठ निवडलं, अभ्यासकेंद्र दुकानापासून जवळ पडतं म्हणून. फॉर्म भरायला बसलो तर आधारवर त्याचं पहिलं नाव 'शेख' निघालं. सोमवारी दुकान उघडायच्या आधी तो आधार केंद्रावर जाणार आहे, दहावीचं प्रमाणपत्र सोबत घेऊन.