जॉन्सनचा हेब्रिडीझ-प्रवास आणि गेलिक मौखिक परंपरेचा प्रश्न

डॉ. सॅम्युएल जॉन्सन व जेम्स बॉझवेल यांनी १८ ऑगस्ट १७७३ रोजी एडिंबरो सोडले. पूर्वकिनाऱ्याने सेंट अँड्र्यूज, ॲबर्डीन असे करीत ते इन्व्हरनेस येथे पोचले. तेथून पुढे चाकाच्या गाडीस योग्य असा रस्ता नसल्याने घोड्यावर बसूनच ग्लेनेल्गची खाडी गाठावी लागली. स्काय बेटावर असतानाच जॉन्सनला चौसष्ट वर्षे पूर्ण झाली. त्या वयात उघड्या होडीतून बेटामागून बेटे पालथी घालणे हे धाडसच होते, आणि वादळाने त्यांची होडी कॉल बेटाकडे लोटली तेव्हा त्याची प्रचीतीही आली. रासे बेटावरील डन कॅन हे शिखर चढण्याची हौस मात्र बॉझवेलने एकट्याने, म्हणजे जॉन्सनवाचून, भागविली. माथ्यावर सोबत्यांसह तो नाचलाही.

या प्रवासाची दोन वृत्ते प्रसिद्ध झाली : जॉन्सनचे १७७५ मध्ये, बॉझवेलचे १७८५ मध्ये. वाङ्मयेतिहासकार बहुधा दुसऱ्याच्या रसाळपणातच रमतात. भाषाभ्यासकास अधिक विचार करावयास लावते ते पहिले.

जेम्स मॅकफर्सन याने १७६० ते १७६३ या काळात प्राचीन कवी ऑसियन याची काव्ये म्हणून इंग्रजी गद्य प्रसिद्ध केले होते. जॉन्सनला ते बनावट वाटे, आणि मूळ हस्तलिखित दाखवा ही त्याची मागणी सर्वथा रास्त होती. परंतु तेवढ्यावर न थांबता, शंभर वर्षांपूर्वीच्या म्हणून सिद्ध करता येतील अशा पाचशे ओळीही संबंध गेलिक भाषेत मिळणार नाहीत, असे विधान त्याने केले. स्वतःस ती भाषा येत नाही हे त्यानेच नमूद केले आहे. वस्तुतः लिस्मोरचा डीन जेम्स मॅकग्रेगर याच्या संग्रहात, जो सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिला गेला, पाचशेहून कितीतरी अधिक गेलिक ओळी आहेत, आणि त्यांत ऑसियनच्या नावावर चालत आलेली वीरगीतेही आहेत. त्याचे लेखन गेलिकच्या रूढ वर्णलेखनाप्रमाणे नसून स्कॉट्स भाषेच्या धाटणीचे आहे. त्यामुळे जाणत्यांनाही ते दुर्बोध ठरले.

आश्चर्य असे की, मौखिक परंपरेचा पुरावा जॉन्सनच्या कानांवर रोजच पडत होता. होडीवाल्यांची गाणी त्याने ऐकली. कापणीच्या गीताच्या लयीवर विळे चालतात, हेही त्याने टिपले. रासे येथे भोजनोत्तर गायिलेल्या गीतांचा विषय त्याने विचारून घेतला, तेव्हा त्यांतील एक अमेरिकेस निघालेल्या बेटवाल्याचा निरोप असल्याचे कळले. कलोडनच्या १७४६ मधील पराभवानंतर मोडकळीस आलेल्या समाजाची ही वाणी त्याने सहानुभूतीने नोंदविली. मात्र जे लिहिलेले नाही ते टिकत नाही, हा कोशकाराचा ग्रह सुटला नाही. गेलिकविषयी त्याला आकस होता, असे मात्र म्हणता येत नाही. बायबलचे गेलिक भाषांतर व्हावे म्हणून त्याने १७६६ मध्येच पत्र लिहून आग्रह धरला होता.

मॅकफर्सनने डझनाहून अधिक खऱ्या वीरगीतांचा आधार घेऊन त्यांवर मनसोक्त रचना केली, हे डेरिक टॉमसन यांनी १९५२ मध्ये ताडून दाखविले. त्याच सुमारास, १९५१ मध्ये एडिंबरो विद्यापीठात स्थापन झालेल्या स्कॉटिश अध्ययन केंद्राचे संशोधक ध्वनिमुद्रणयंत्रे घेऊन हेब्रिडीझमध्ये हिंडू लागले, आणि तेथील वृद्धांच्या तोंडून त्याच परंपरेतील वीरगीते त्यांनी चालीसह टिपून घेतली.