शहाजीराजे आणि जिजाबाई : बंगळूर–पुणे अंतराचा अर्थ

शहाजीराजांनी बंगळुरास तुकाबाईंसह संसार थाटला व जिजाबाई पुण्यास उपेक्षित राहिल्या, हे रूढ चित्र साधनांच्या आधारे तपासले पाहिजे. भोसले व सिंदखेडचे जाधवराव ही निजामशाहीतील दोन लष्करी घराणी या विवाहाने जोडली गेली. १६२९ मध्ये लखुजी जाधवरावांची निजामशाही दरबारातच हत्या झाली. १६३६ मध्ये ती शाहीही संपली. आदिलशाही सेवेत गेलेल्या शहाजीराजांच्या वास्तव्याचे केंद्र १६३८ नंतर बंगळूर झाले. पुण्याची जहागीर मात्र त्यांचीच राहिली. थोरले संभाजीराजे पित्याजवळ राहिले. ‘शिवभारता’नुसार बारा वर्षांच्या शिवाजीराजांना पित्यानेच बंगळुराहून सैन्य व अमात्यांसह पुण्यास पाठविले. ही पाठवणी त्यागाची नव्हे, जहागिरीच्या व्यवस्थेची होय.

जानेवारी १६६४ मध्ये होदिगेरे येथे शहाजीराजांचा मृत्यू झाला. तेव्हा जिजाबाई सहगमनास सिद्ध झाल्या व शिवाजीराजांनी त्यांना परावृत्त केले, असे सभासद सांगतो. सहगमन हा कुलाचारही होता. त्यावरून प्रेमाचे माप काढता येणार नाही. तथापि दुराव्याच्या कथेशी हा प्रसंग जुळत नाही. जिजाबाई पुढे दहा वर्षे जगल्या आणि राज्याभिषेकानंतर अकराव्या दिवशी, १७ जून १६७४ रोजी, पाचाड येथे निवर्तल्या. दोन जहागिरींत विभागलेल्या या कुटुंबाला विभक्त कुटुंब म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.