लग्नातील समूह-छायाचित्र : रचना, क्रम आणि अध्याहार

लग्नसमारंभाच्या निमित्ताने काढलेले समूह-छायाचित्र महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत जपून ठेवलेले आढळते. सामाजिक इतिहासाचे अभ्यासक वेशभूषा, अलंकार, केशरचना इत्यादींचे साधन म्हणून त्याचा उपयोग करतात, आणि तो योग्यच आहे. परंतु असे चित्र आपोआप घडलेले नसते. कोणी बसावे, कोणी उभे राहावे, कोणाला मध्य द्यावा, कोणाला टोकाला ठेवावे, आणि कोणाला बोलावूच नये, याचा निर्णय झाकण उघडण्यापूर्वीच झालेला असतो. वाक्यात पदे ज्याप्रमाणे परस्परसंबंधाने बसविली जातात, त्याप्रमाणेच येथे माणसे बसविलेली असतात. म्हणून हे चित्र पाहण्यापेक्षा वाचावयाचे असते. हे वाचन कसे करावे, आणि त्यात न दिसणाऱ्या व्यक्तींचा विचार कसा करावा, याचे दिग्दर्शन करणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. मुहूर्त आणि उजेड

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ साली झाली, आणि त्यानंतर लवकरच एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या कलेचे शिक्षण देण्यास प्रारंभ झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि व्यावसायिक छायाचित्रकार हरिश्चंद्र चिंतामण ही त्या पहिल्या पिढीतील नावे होत. त्या काळी प्रचलित असलेल्या ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत काचेवर लेप देणे, ती कॅमेऱ्यात घालणे व लगेच अंधारात नेऊन धुणे ही सर्व कामे लेप वाळण्यापूर्वी, म्हणजे थोड्या मिनिटांतच, उरकावी लागत. मांडवाच्या गर्दीत हे काम जवळजवळ अशक्यच होते. १८७१ मध्ये मॅडॉक्स याने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि १८८० च्या सुमारास अशा काचा तयार मिळू लागल्या. तेव्हापासूनच छायाचित्रकाराला आपले सामान घेऊन लग्नघरी जाणे खऱ्या अर्थाने सुलभ झाले.

तरीही एक अडचण शिल्लक राहिली, आणि ती आपल्या विवाहविधीतूनच उद्भवलेली होती. लग्नाची घटिका ज्योतिषी ठरवितो, तर छायाचित्राची घटिका सूर्य ठरवितो. गोरज मुहूर्त तर दिवस मावळतानाचा. वर कापडाचा मांडव, मध्ये अंतरपाट, भोवती अक्षता घेऊन उभी असलेली माणसे, आणि उजेड उतरणीला लागलेला, अशा स्थितीत मंगलाष्टकांच्या क्षणाचे चित्र मिळणे त्या काळच्या साधनांच्या आवाक्यात नव्हते. मॅग्नेशियमयुक्त चूर्णाचा क्षणिक प्रकाश १८८७ नंतर उपलब्ध झाला खरा. पण त्याचा धूर, भडका व धोका लक्षात घेता कापडी मांडवात तो सोयीचा नव्हता. काचेच्या बंद गोळ्यातील प्रकाश १९३० च्या सुमारास आला.

या विसंगतीतून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न झाली. विधीचा क्षण टिपता येत नाही, तेव्हा विधीच्या आधी किंवा नंतर, चांगल्या उजेडात, वाड्याच्या चौकात किंवा एखाद्या झाडाच्या सावलीत सर्वांना पुन्हा एकत्र बसवावे लागले. मुंडावळ्या, शालू, उपरणे ही विधीची चिन्हे मात्र तशीच राखली गेली. अर्थात ज्याला आपण लग्नाचा फोटो म्हणतो तो लग्नाच्या क्षणाचा नसून लग्नाच्या वेषात मुद्दाम भरविलेल्या दुसऱ्या एका सभेचा असतो. अभ्यासकाने आरंभीच हे ध्यानात ठेवले पाहिजे.

२. बैठकीचा क्रम

या सभेचा क्रम छायाचित्रकाराने निर्माण केला असे मानणे चुकीचे ठरेल. त्याला तो बव्हंशी तयारच मिळाला. पंगतीतील पाटांचा क्रम, आहेराचा क्रम, लग्नपत्रिकेतील नावांचा क्रम, सीमांतपूजनातील मान, या सर्वांतून आपल्या समाजाने मानपानाचे एक सूक्ष्म व्याकरण पूर्वीच सिद्ध केलेले होते. समूह घडवून दाखविण्याची कल्पनाही विधीला परकी नव्हती. सूनमुखाच्या प्रसंगी वरमाय मुलाला व सुनेला जवळ बसवून आरशात सुनेचा चेहरा पाहते. चौकटीत बसविलेला चेहरा, ठरलेली बैठक आणि भोवती पाहणारी माणसे हे तिन्ही घटक तेथे आहेत. कॅमेऱ्याने फक्त आरशातील प्रतिमा स्थिर केली, असे म्हणावयास हरकत नाही.

सामान्यतः आढळणारी रचना तीन ओळींची असते. मधल्या ओळीत खुर्च्यांवर वडीलधारी मंडळी व त्यांच्या मध्यभागी वधूवर, मागे उभी असलेली तरुण मंडळी, आणि पुढे सतरंजीवर मुले. या रचनेला तांत्रिक कारणही आहे. तिन्ही ओळींतील चेहरे सारखेच स्पष्ट यावयाचे तर भिंगाचे छिद्र लहान ठेवावे लागते, छिद्र लहान केले की अवधी वाढतो, आणि अवधी वाढला की बसलेला माणूस उभ्या माणसापेक्षा अधिक स्थिर राहतो. म्हणून वृद्धांना खुर्ची देण्यात मान आणि सोय या दोहोंचा मेळ बसला. मुले मात्र हलतात. जुन्या चित्रांत पुढच्या ओळीतील एखादा चेहरा पुसट दिसतो त्याचे कारण हेच. सर्व चेहरे भिंगापासून सारख्या अंतरावर यावेत म्हणून रांग किंचित कमानीसारखी वळवून टोकाच्या खुर्च्या पुढे घेण्याचीही पद्धत होती. आता मध्य आणि टोक यांतील भेद पाहा. मध्यभागी रेखीवपणा सर्वांत अधिक, तर टोकाला चेहरा ताणला जाण्याचा किंवा चौकटीत बसविताना कापला जाण्याचा संभव. जवळचे नाते मध्यभागी व दूरचे टोकाला बसविले की नात्याचा हा उतार भिंगाच्या उताराशी तंतोतंत जुळतो.

वधूच्या मामाला कोठे बसवावे, व्याह्यांच्या शेजारी कोणी असावे, थोरल्या जावेच्या पुढे धाकटी आली तर काय, हे प्रश्न छायाचित्रकाराचे नसत. ते घरातील एखाद्या जाणत्या माणसाने सोडवावयाचे असत, आणि तेथे चूक झाली की पंगतीतल्याप्रमाणे येथेही रुसवा ठरलेला. पंगत उठली की क्रम मोडतो. छायाचित्रातील क्रम मात्र पन्नास वर्षे भिंतीवर राहतो. त्यामुळे येथील मानापमान अधिक तीव्र होत असल्यास नवल नाही.

३. ‘काढणे’ या क्रियापदाची साक्ष

या ठिकाणी भाषेची साक्ष काढणे उपयुक्त ठरेल. या वस्तूला मराठीत तीन लिंगांची तीन नावे आहेत : तो फोटो, ती तसबीर, ते छायाचित्र. तसबीर हा मूळ अरबी शब्द जुना असून कॅमेऱ्याच्या आधीपासून तो चित्र या अर्थी रूढ होता. पुढे चौकटीत बसवून भिंतीवर लावलेले चित्र असा त्याचा अर्थसंकोच झाला. क्रियापद मात्र आपण एकच वापरतो : काढणे. हिंदीत फोटो ‘खींचते’ हैं, गुजरातीत तो नाण्याप्रमाणे ‘पाडतात’, बंगालीत छबी ‘तोलतात’ म्हणजे उचलतात, आणि इंग्रजी भाषिक ती ‘घेतात’.

मराठीत जे आपण काढतो ते पाहिले म्हणजे या शब्दाचा रोख कळतो. रांगोळी काढतो, चित्र काढतो, वरात काढतो, मिरवणूक काढतो. या सर्व प्रयोगांत काहीतरी योजून, रचून लोकांच्या दृष्टीपुढे आणणे हा भाव आहे. समोर असलेले जसेच्या तसे उचलून घेण्याचा भाव त्यात नाही. व्युत्पत्तीवरून समाजशास्त्र सांगण्याचा मोह टाळला पाहिजे हे मान्य. तथापि लग्नाच्या फोटोचे नाते रांगोळीशी व वरातीशी जोडणारा हा प्रयोग वस्तुस्थितीला धरून आहे, एवढे निश्चित म्हणता येईल.

योजनेचा हा अंश कधीकधी उघडच कृतीत उतरे. विल्यम जॉन्सन याने मुंबईतील लोकजीवनावर १८६३ व १८६६ मध्ये जे दोन खंड प्रसिद्ध केले, त्यांत एकीकडे घेतलेली माणसांची चित्रे दुसरीकडे घेतलेल्या दृश्यांवर बसविलेली आहेत. माँट्रियल येथील विल्यम नॉटमन याने तर १८७० मध्ये बर्फावरील एका मेळाव्याचे भव्य चित्र अनेक व्यक्तींची स्वतंत्र छायाचित्रे कापून, चिकटवून व पुन्हा टिपून सिद्ध केले. आपल्याकडे लग्नास येऊ न शकलेल्या किंवा निधन पावलेल्या आप्ताचा चेहरा कोपऱ्यातील लंबगोलात बसविण्याची, वा त्याची तसबीर खुर्चीवर ठेवण्याची जी चाल दिसते, ती याच जातीची होय. जो नाही त्यालाही कुटुंबात असावयास हवे, ही इच्छा तिच्या मुळाशी आहे.

४. अध्याहृत पदे

मृताला जागा मिळे. पण जिवंत असून जागा नसलेली एक व्यक्ती त्याच घरात असे. ज्या समाजात विधवेला मंगलकार्यात पुढे येण्याची मनाई होती, तेथे तिला या बैठकीत स्थान मिळण्याचा संभव फारच थोडा. ज्या आजीने वा आत्याने वराला लहानाचे मोठे केले, जिने चार दिवस आधीपासून स्वयंपाकघर सांभाळले, ती भिंतीच्या पलीकडे होती आणि चित्रात नाही. नवऱ्याची तसबीर खुर्चीवर आणि त्याची पत्नी आत, असा प्रकारही या रीतीत संभवनीय होता. जुनी समूह-छायाचित्रे पाहून कुटुंबाची संख्या किंवा स्त्रियांचे वय यांविषयी अनुमान काढणाऱ्याने याची दखल घेतली नाही, तर त्याचे अनुमान मुळातच लंगडे ठरेल.

लग्नाच्या सभेत कोण कोणाजवळ दिसतो याला किती किंमत मोजावी लागे, हे विधवाविवाहाच्या इतिहासावरून कळते. १८६९ मध्ये मुंबईत वेणूबाई व पांडुरंग विनायक करमरकर यांचा पुनर्विवाह झाला तेव्हा त्याच्या पुरस्कर्त्यांवर बहिष्कार पडला. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी विवाह केला तेव्हा त्यांच्या मुरूड गावच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. बहिष्कार म्हणजे पंक्तीला व बैठकीला न घेणे. शेजारी बसणे हेच जेथे मतप्रदर्शन ठरते, तेथे रांगेतील प्रत्येक जागा हे विधान असते आणि प्रत्येक रिकामी जागाही.

व्याकरणात वाक्यात न उच्चारलेले परंतु अर्थासाठी आवश्यक असलेले पद अध्याहृत मानतात, आणि वाचकाने ते बाहेरून आणावयाचे असते. समूह-छायाचित्राच्या वाचनातही हाच न्याय लावला पाहिजे. मात्र व्याकरणातील अध्याहार संदर्भावरून साधतो. येथील अध्याहार साधावयास माहितगार माणूस लागतो.

दुसरा लोप नावाचा. चित्रात मध्यभागी असलेली वधूच पुष्कळदा नावाने ओळखता येत नाही. विवाहात तांदळावर नवे नाव लिहून तिचे माहेरचे नाव मागे पडते. सासरच्या प्रतीवर ती ‘सौ.’ म्हणून नोंदली जाते, माहेरच्या प्रतीवर तिचे लाडके नाव असते, आणि नातवंडांच्या आठवणीत ती केवळ ‘आजी’ उरते. एकाच चित्राच्या दोन प्रती दोन घरांत असल्या तरी तीच स्त्री दोन भिन्न व्यक्ती म्हणून नोंदली जाण्याचा धोका त्यामुळे उद्भवतो. पुरुषांच्या बाबतीत असा प्रसंग सहसा येत नाही.

५. समारोप

आज प्रत्येकाच्या हातातील दूरध्वनीत कॅमेरा आहे आणि लग्नाचा प्रत्येक क्षण टिपता येतो. मुहूर्त व उजेड यांचा जुना झगडा संपला आहे. तरीही योजना संपलेली नाही. लग्नापूर्वी रम्य स्थळी जाऊन काढलेली चित्रे, सर्वांनी एकदम उडी मारल्याचे वा नवरदेवाला उचलून धरल्याचे समूहचित्र, सहज टिपल्यासारखी दिसावीत म्हणून दोनदोनदा करून घेतलेली हास्ये, ही सर्व आधी ठरवूनच काढलेली असतात. मानाचा क्रम सैल झाला आणि त्याची जागा मौजेच्या क्रमाने घेतली, एवढाच फरक. पूर्वी सर्वांना स्थिर बसण्याची आज्ञा होती. आता सर्वांनी मोकळे दिसावे अशी आज्ञा आहे.

जुन्या काचा फुटत आहेत, प्रती पिवळ्या पडत आहेत. पण त्याहून वेगाने नाहीशी होणारी गोष्ट म्हणजे त्यांतील माणसे ओळखणारी माणसे. तेव्हा ज्यांच्या घरी अशी चित्रे असतील त्यांनी ती घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीपुढे ठेवून पुढील गोष्टी वेगळ्या कागदावर टिपून ठेवाव्यात. प्रत्येक ओळीतील नावे अनुक्रमाने, आणि डावी-उजवी पाहणाराची की बसणाराची याचा स्पष्ट उल्लेख करून. प्रत्येक विवाहितेची दोन्ही नावे. चित्र विधीपूर्वी काढले की नंतर, आणि कोठे. शेवटी एक प्रश्न अवश्य विचारावा : त्या दिवशी घरात असून या चित्रात कोण नाही? त्याचे उत्तर बहुधा एखाद्या स्त्रीचे नाव असेल, आणि ते सांगू शकणारी व्यक्ती बहुतेक घरांत आता एकच उरलेली असेल.