जुनेर, मेणकापड आणि टिचबटण

‘डायपर’ हा शब्द आज वस्तूचा झाला आहे. मुळात तो विणीचा. ज्या लिननवर त्याच धाग्यांतून हिऱ्यासारख्या बारीक चौकटी उठवलेल्या असत, त्या कापडाला मध्ययुगीन युरोपात डायपर म्हणत. शेक्सपिअरच्या ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ या नाटकाच्या प्रारंभी एक उमराव नोकरांना सूचना देतो: एकाने चांदीचे तस्त धरायचे, दुसऱ्याने झारी, तिसऱ्याने डायपर. हा डायपर म्हणजे हात पुसायचा रुमाल. तेच कापड पुढे बाळाच्या कमरेला आले आणि विणीचे नाव वस्तूला चिकटले. अशा विणीत धागे जरा मोकळे सुटलेले असतात, त्यामुळे ओल चटकन शोषली जाते.

आपल्याकडे या कामासाठी जुनेर पुरत होते. कापसाच्या धाग्यावर निसर्गतःच मेणाचा पातळ थर असतो, त्यात मागावर चढवलेली खळ. म्हणून कोऱ्या मांजरपाटावरून पाणी घरंगळते. वर्षानुवर्षे धुतलेल्या लुगड्यात किंवा धोतरात यातले काही उरत नाही. जुनेर बाळंतिणीच्या खोलीत आणि आजाऱ्याच्या अंथरुणात जाई ते मऊ म्हणून, आणि ओल पिते म्हणूनही. खाली मेणकापड, वर जुनेराची घडी. आमच्या आजीच्या ट्रंकेत विरलेल्या धोतरांचे गठ्ठे याच कामासाठी राखलेले असत.

गेल्या वर्षी अप्पांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, धुऊन वापरायचे कापडी डायपर घेण्याची वेळ आली, तेव्हा घरात जुनेर नव्हते. साड्या सगळ्या सिंथेटिक आणि धोतर नेसणारे कुणी उरलेले नाही. मग बाजार आणि इतिहास मी एकदमच धुंडाळू लागले.

यंत्रयुगाने या प्रकरणात घातलेली भर मुख्यतः बांधण्याची आणि झाकण्याची आहे. वॉल्टर हंट या अमेरिकन कारागिराने १८४९ मध्ये सेफ्टी पिनचे पेटंट घेतले आणि चारशे डॉलरला विकूनही टाकले. झाकण्याचा प्रश्न त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे रबरी चड्डीवर अडून राहिला. तिच्यात हवा जात नसे, कातडी सोलवटून निघे. १९४६ मध्ये मॅरियन डोनोव्हन या गृहिणीने न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा कापून, शिवणयंत्रावर बसून, कापडी लंगोटावर घालायचे एक आवरण शिवले. पुढे तिने पिनेच्या जागी टिचबटणे लावली. कारखानदारांनी तिला परत पाठवले. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅक्स फिफ्थ अव्हेन्यू या दुकानात माल ठेवला तेव्हा तो हातोहात खपला, आणि १९५१ मध्ये तिने आपले हक्क दहा लाख डॉलरना विकले. आज बाजारात मिळणारा धुण्याजोगा डायपर, मग तो बाळाचा असो वा आजोबांचा, रचनेने तिच्याच शोधाचा वंशज आहे. फक्त पडद्याच्या जागी पॉलिस्टरवर पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा आला.

या कथेत म्हातारी माणसे फार उशिरा येतात. १९६१ मध्ये पॅम्पर्स आले ते बाळांसाठी. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात प्रौढांसाठी ‘कांगा’ नावाची धुण्याजोगी चड्डी निघाली. तिच्यात घडी बाहेरच्या पिशवीत राही आणि अंगालगतचे कापड कोरडे. कांगारूवरून ठेवलेले हे नाव मला फार आवडले. १९८०च्या दशकात किंबर्ली-क्लार्कच्या ‘डिपेंड’साठी जून अ‍ॅलिसन ही अभिनेत्री टीव्हीवर आली, तेव्हा कुठे अमेरिकेत हा विषय दिवाणखान्यात बोलता येऊ लागला. आणि २०२४ मध्ये जपानच्या ओजी होल्डिंग्जने देशांतर्गत बाजारासाठी बाळांचे डायपर बनवणे थांबवून प्रौढांच्या डायपरवर भर देण्याचे जाहीर केले.

सदाशिव पेठेतल्या सर्जिकल मालाच्या दुकानात पहिला प्रश्न आला, “पेशंट आडवा आहे की चालता?” प्रश्न अगदी योग्य होता. चालत्या माणसाला चड्डीसारखा वर ओढायचा प्रकार बरा. आडव्याला दोन्ही बाजूंनी टिचबटणांनी उघडणारा. कमरेइतकेच मांडीचे मापही घ्यावे लागते, कारण गळती बहुधा तिथूनच होते. मायक्रोफायबरची घडी पटकन ओल घेते, पण दाब पडला की सोडते. खुर्चीत तासन्‌तास बसणाऱ्या अप्पांना ती निरुपयोगी. ‘बांबू’ म्हणून विकले जाते ते बहुतेक व्हिस्कोसच. मी सुती फ्लॅनेलच्या सुट्या घड्या घेतल्या. आत शिवून टाकलेली जाड घडी पुण्याच्या पावसाळ्यात वाळत नाही. दिवसाला चार बदल, वाळायला दोन दिवस, आणि चार हाताशी: बारा घड्या. वापरण्याआधी त्या पाच-सहा वेळा धुतल्या, म्हणजे जुनेराचे काम घाईघाईने उरकले. कपडे मऊ करणारे द्रव्य मात्र वर्ज्य. त्याचा थर बसला की कापड पुन्हा कोऱ्यासारखे वागते.

अप्पांची हरकत नावाला होती. “डायपर पोरांना. लंगोट म्हण, तो पहिलवानही कसतात.” आमच्या घरात तेव्हापासून लंगोटच.

राहिला प्रश्न धुणाऱ्या हातांचा, आणि मला वाटते या वस्तूचा खरा इतिहास तिथे आहे. जुनेर घरातल्या बायका मोरीत धूत. कागदी डायपरने ते काम संपवले असे आपण समजतो. प्रत्यक्षात ते कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाती गेले. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून या बायकांची संघटना आहे. तिच्यातूनच निघालेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या वेचकांनी २०१३ मध्ये वापरलेल्या सॅनिटरी पॅडच्या पिशव्या उत्पादक कंपन्यांना परत धाडल्या होत्या. २०१६ च्या घनकचरा नियमांनी डायपर वेगळे गुंडाळून देणे बंधनकारक केले.

आमच्याकडे धुण्याला येणाऱ्या मावशींशी मी खरेदीआधीच बोलले. मैला आम्ही घरातच झटकून धुवायचा, त्यांनी भिजवलेल्या घड्या यंत्रात टाकायच्या, हातमोजे आमचे आणि महिन्याचे पैसे वेगळे, असे ठरले. रात्रीसाठी अजून एक कागदी लागतोच. तो वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून, सकाळी वेगळा देते.