मेणातून घडलेली दाढ

दाढ ठणकली की आपण आधी लवंग धरतो, मग तंबाखूची चिमूट दाबतो आणि शेवटी दाढ काढून टाकतो. आमच्या गटातल्या कितीतरी जणींच्या दाढा अशाच गेल्या. पण किडलेली दाढ वाचवायची एक रीत आपल्या शेजारच्या कलेतच आहे.

गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरात घडवा कारागीर पितळी मूर्ती ओततात. आधी मेणाची मूर्ती करायची, तिला माती लिंपायची. भट्टीत मेण वितळून जाते, त्या पोकळीत पितळ ओतायचे. मोहेंजोदडोची हजारो वर्षांपूर्वीची नर्तकी अशीच घडली. १९०७ साली अमेरिकेतले दंतवैद्य विल्यम टॅगार्ट यांनी हीच रीत दातासाठी वापरून दाखवली. दाढेतल्या खड्ड्यात मेण दाबून आकार घ्यायचा आणि त्यावरून सोन्याचा नेमका तुकडा ओतायचा. खड्ड्यात बसतो तो इनले. दाढेचे तुटके टोकही झाकतो तो ऑनले. आता तो दाताच्या रंगाचाही मिळतो.

नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ साली निघाले. सिरोंच्याच्या बाईला मात्र ते दूरच. पण दाढेचा पुरेसा भाग शाबूत असेपर्यंतच हा उपाय चालतो, म्हणून काळा ठिपका दिसताच दवाखान्यात दाखवायचे, ठणक्याची वाट पाहायची नाही.

चणे आहेत तर दात नाहीत, असे म्हणतात. बचत करून चणे तर आपण मिळवले. आता दातही राखू या.