देवाच्या दरबारातील भजने

ग्वाल्हेरास तानसेन समारोहाचा आरंभ ख्यालाने होत नाही. सन १९२४ मध्ये सुरू झालेल्या या उत्सवात आधी सनई वाजते, ढोलीबुवा महाराजांच्या मठाची हरिकथा होते आणि मिलादही होतो. तानसेनाच्या समाधीशेजारीच सूफी संत मोहम्मद गौस यांचा मकबरा आहे. एका पंथाचे गाणे दुसऱ्याच्या दारी गेले, याचे तेथे कोणास नवल वाटत नाही.

महाराष्ट्रात मात्र असेच धाडस करणाऱ्या एका कवीला दोन्ही घरचा रोष पत्करावा लागला. ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. सन १८९३ मध्ये नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका परक्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापायी लक्ष्मीबाईंनी काय सोसले, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांस सांगावयास नको.

त्या काळी ख्रिस्ती मंडळ्यांत म्हटली जाणारी पुष्कळ गीते इंग्रजीवरून उतरविलेली व इंग्रजी चालींवर बसविलेली असत. मराठी शब्दांचे ऱ्हस्वदीर्घ त्या चालींत चेपले जात. शब्द मराठी खरे, पण ते गाताना मन परगावी गेल्यासारखे होई. टिळकांना हे खटकले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते मानीत. तेव्हा सुवार्ता गावयाची ती अभंगांतून व भजनांतून, टाळमृदंगाच्या संगतीने, हा त्यांचा आग्रह स्वाभाविकच होता. त्यांनी अशी शंभराहून अधिक पदे रचली. ती एकट्याने वाचून संपविण्याची नव्हेत. एकाने उचलावे आणि मंडळीने झेलावे, अशी त्यांची घडण आहे. माझ्या मते टिळकांच्या फुलामुलांच्या कवितेची जितकी वाखाणणी झाली, तितकी या भजनांची झाली नाही. वास्तविक त्यांचा जीव यांतच अधिक गुंतला होता.

सन १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले, ते साताऱ्यास जाऊन संन्यस्त वृत्तीने राहिले आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. हिंदू समाजाने टिळकांना आधीच दूर केले होते. आता चर्चमधील अनेकांनाही हा नवा पंथ मानवेना. बाप्तिस्म्यावाचून ख्रिस्तशिष्य म्हणविणे त्यांच्या शिस्तीत बसणारे नव्हते.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत निवर्तले. दरबारही त्यांच्यामागे टिकला नाही. भजने तेवढी राहिली, आणि राहिली ती चर्चच्याच ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात. दर रविवारी ती म्हणणाऱ्यांपैकी कितीकांना त्या दरबाराचे नावही ठाऊक नसावे.